बंड्याची बोट आणि ते चौथं गिनी

२०२२ सालची गोष्ट, नोव्हेंबर. तुळशीची लग्नं चालली होती आणि मी उसाची दोन कांडी घेऊन गिरगावात मावशीकडे गेले होते, तर ही बाई टीव्हीसमोर पदर तोंडात धरून बसलेली. बातमी चालू होती की हिरोइक इदुन नावाचा तेलाचा टँकर ऑगस्टपासून इक्वेटोरियल गिनीने धरून ठेवलाय, २६ जणांचा क्रू, त्यातले १६ भारतीय. आमचा बंड्या, म्हणजे मावसभाऊ, गॅस टँकरवर थर्ड इंजिनिअर आणि त्याचा शेवटचा फोन त्याच बाजूने आलेला. "अगं हे गिनी कुठलं? आपल्या बंड्याचं तेच ना?"

बंड्याची बोट ती नव्हती, हे सांगायला मला अर्धा तास लागला आणि तरी तिला पटलं नाही ते नाहीच. मग म्हटलं निदान हा देश कुठे आहे ते तरी बघू, तर पहिली गंमत अशी की गिनी नावाचे देशच चार. एक नुसतं गिनी, एक गिनी-बिसाऊ, एक पापुआ न्यू गिनी जे पार ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर, आणि हे चौथं. मोबाईलवर नकाशा काढून दिला तर तिच्या बोटाखाली अख्खा देश झाकला गेला. क्षेत्रफळ २८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या आपल्या कोकण विभागाहून जरा लहानच, आणि लोकसंख्या वीस लाखांच्याही आत.

त्यातही देश एका जागी नाही. आफ्रिकेत कॅमेरून आणि गॅबॉनच्या मधे जमिनीचा एक चौकोनी तुकडा, रियो मुनी, तिथलं मोठं शहर बाटा ("चपलांचं?" इति मावशी). मालाबो मात्र, जिथून स्पॅनिश लोकांच्या काळापासून कारभार चालत आलाय, ते लांब वर बिओको बेटावर, आणि अजून एक चिमुकलं अन्नोबोन बेट पार खाली. विषुववृत्त या दोन्हींच्या मधल्या पाण्यातून जातं, म्हणजे देशाचं नाव विषुववृत्तावरून पण ती रेघ त्यांच्या जमिनीला कुठेच शिवत नाही. १७७८ मध्ये पोर्तुगालने स्पेनला हा भाग दिला म्हणून तिथे आजही सरकारी भाषा स्पॅनिश, घरात फांग नाहीतर बुबी बोलतात. बिओकोचं जुनं नाव फर्नांदो पो, तिथला कोको एकेकाळी नावाजलेला होता.

स्वातंत्र्य १२ ऑक्टोबर १९६८ ला मिळालं आणि पहिले राष्ट्राध्यक्ष मासियास एन्गेमा यांनी अकरा वर्षांत देशाची जी वाट लावली ती वाचताना जेवण जात नाही. सुमारे एक तृतीयांश लोक मारले तरी गेले नाहीतर देश सोडून पळाले. पळून जातात म्हणून होड्या फोडायला लावल्या, मासेमारीवर बंदी. आता बेटावरच्या माणसाला मासेमारी बंद म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको, ससून डॉक दोन दिवस बंद राहिला तर मुंबईत काय बोंब होते बघा. १९७९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच पुतण्याने, तेओदोरो ओबियांगने, त्यांना खाली खेचलं, मालाबोच्या एका सिनेमागृहात खटला चालवला, म्हणजे आपल्या सेंट्रल प्लाझात कोर्ट भरवल्यासारखं, आणि गोळ्या घातल्या. तोच पुतण्या तेव्हापासून राष्ट्राध्यक्ष. वय ऐंशीच्या पुढे. २०२२ च्या निवडणुकीत मतं किती तर ९५ टक्क्यांच्या आसपास!

तेल यात उशिरा आलं. १९९५ मध्ये मोबिल कंपनीला बिओकोजवळ समुद्रात झाफिरो नावाचं क्षेत्र सापडलं आणि पुढच्याच वर्षी तेल निघायलाही लागलं. कोकोवर कसाबसा चालणारा देश दहा वर्षांत दिवसाला साडेतीन लाख बॅरलच्या वर गेला. २००८ च्या सुमाराला दरडोई उत्पन्न २० हजार डॉलरच्या पुढे, आफ्रिकेत सगळ्यात वर. कागदावर हां. कारण दरडोई म्हणजे काय, आमच्या चाळीत एखादा अंबानी भाड्याने राहायला आला तर आम्हीही सगळे दरडोई करोडपती. २०१७ मध्ये यूएनने त्यांना अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर काढलं ते फक्त या उत्पन्नाच्या आकड्यावर, शिक्षण-आरोग्याच्या निकषावर देश बसतच नव्हता.

पैसा गेला कुठे याचं उत्तर परदेशातल्या कोर्टात सापडतं. राष्ट्राध्यक्षांचा मुलगा तेओदोरिन, आता उपराष्ट्राध्यक्ष, याच्या पॅरिसमधल्या हवेलीवरून तिथे केस उभी राहिली, २०१७ मध्ये दोषी ठरला आणि २०२१ मध्ये वरच्या कोर्टात ३ कोटी युरोचा दंड कायम झाला. त्याच्याकडून जप्त केलेल्या २५ गाड्यांचा स्वित्झर्लंडमध्ये २०१९ ला लिलाव झाला. अमेरिकेत मालिबूचा बंगला विकायची वेळ आली. आणि त्याने घेतलेला मायकल जॅक्सनचा खडे जडवलेला हातमोजा, पावणेतीन लाख डॉलरचा! एका हाताचा!! मी हे मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "दुसऱ्या हाताचं काय?"

मला यात खरं खटकलं ते वेगळंच. तेल समुद्रात आपलंही आहे की. बॉम्बे हाय १९७४ ला सापडलं, किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, पण त्याची पाइपलाइन उरणला येते, जुहूवरून हेलिकॉप्टरं जातात, आमच्या चाळीतलेच दोघं चौदा-चौदा दिवसांच्या ड्युटीवर जायचे आणि त्यांच्या पगारावर पोरींची लग्नं झाली. म्हणजे तेलाचा वास तरी घरापर्यंत आला. झाफिरोचं तेल समुद्रातच तरंगत्या जहाजात साठवायचं आणि तिथूनच टँकरमध्ये भरून परदेशी, किनाऱ्याशी संबंधच नाही. मालाबोजवळ पुंता युरोपाला गॅसचे प्लांट आहेत तेवढेच काय ते जमिनीवर, पण असे प्लांट उभे राहिले की चालवायला माणसं लागतात किती, मोजकीच, तीही शिकलेली. सरकारला फक्त सही करायची आणि हिस्सा घ्यायचा. लोकांकडून टॅक्स नको, लोकांचे हात नकोत, मग लोकांना विचारतो कोण? आता तर ते तेलही आटत चाललंय, दिवसाला लाखाच्या खूप खाली आलंय, आणि झाफिरो चालवणारी एक्झॉनमोबिल २०२४ मध्ये निघूनही गेली. मधल्या काळात मेनलँडवर जंगल तोडून अख्खी नवी राजधानी बांधायला काढली होती, ओयाला नाव, त्यावर काय बोलणार.

असो. हिरोइक इदुनवाल्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ते नायजेरियाच्या आक्पो क्षेत्रात तेल भरायला गेले होते, रात्री एक बोट जवळ आली ती त्यांना चाच्यांची वाटली म्हणून पळाले, ती निघाली नायजेरियन नौदलाची. त्या नोव्हेंबरमध्ये त्यांना नायजेरियाच्या ताब्यात दिलं आणि २०२३ च्या मे अखेर सुटले. नऊ महिने! मावशीने ते सुटेपर्यंत कालनिर्णयवर फुल्या मारल्या, स्वतःच्या मुलाच्या नाही, त्या १६ जणांच्या.

बंड्या त्याआधीच जानेवारीत घरी आला होता. आल्यावर पोह्यांची डिश हातात घेऊन त्याने फोटो दाखवले. डेकभोवती काटेरी तारांची भेंडोळी, आणि रेलिंगला बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून उभी केलेली बुजगावणी, लांबून बघणाऱ्याला वाटावं पहाऱ्याला माणसं आहेत. एकाला तर हेल्मेट घालून नाव पण ठेवलं होतं, शिंदे. पुंता युरोपाला गॅस भरायच्या आधी पाच दिवस अँकरवर होते, समोर बिओकोचा पिको बासिले, ३ हजार मीटरचा, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट, पण पाच दिवसांत ढग एकदाच हटले, ते पण पहाटे आणि हा तेव्हा इंजिन रूममध्ये खाली. रात्री फक्त प्लांटची ज्वाळा दिसायची. खाली उतरायला परवानगी नव्हतीच.

"मग माणसं कशी आहेत तिथली?" मावशीने विचारलं.

म्हणाला एकच बघितला, एजंटच्या लाँचवरचा पोरगा, स्पॅनिशमध्ये काहीतरी हसून बोलला, यांनी साबणाच्या चार वड्या दिल्या, त्याने दोन अननस दिले. फार गोड होते म्हणे, पण कुकने त्याचा शिरा केला आणि तो करपवला.