फोटो कुणी हलवला?

झूम लेन्सने काढलेला फोटो अंधुक आला की पहिला संशय स्टॅबिलायझरवर, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या लेन्समधल्या यंत्रणेवर. त्याचं काम दिसत नाही, म्हणून त्याची बाजू घ्यायलाही कुणी नसतं. त्यात लेन्स हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळलं की मग खात्रीच पटते! वास्तविक बऱ्याच लेन्समध्ये कॅमेरा बंद असताना स्टॅबिलायझरची भिंगं मोकळी असतात, ती खुळखुळणारच. शटरचं बटण अर्धं दाबलं की बारीक घरघर येते, चित्र किंचित सरकून स्थिरावतं. तेवढाही दम न धरणारे फोटो हलवतात आणि बिल लेन्सच्या नावावर फाडतात.

फोटो पडद्यावर मोठा करून बघितला की गुन्हेगार बहुधा सापडतो. पाण्यावरचा चमकणारा प्रत्येक ठिपका एकाच दिशेला ओढला गेला असेल, तर कॅमेरा हलला. पक्षी पुसट आणि मागचं गवत लख्ख, तर फोकस चुकला. डोळा स्वच्छ पण पंख फिसकटलेले, तर पक्षीच हलला. स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, पक्ष्याला धरून ठेवत नाही.

भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, आणखी एक गंमत होते. हिवाळ्यात सकाळी रोहित पक्ष्यांची पिसं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ येतात. ऊन चढलं की त्याच लेन्समधून त्यांचे काटकुळे पाय नागमोडी दिसायला लागतात, आणि प्रत्येक फोटोत वेगळे वाकडे. हवा तापून थरथरते, झूममध्ये ती थरथरही मोठी होऊन येते. इथे ट्रायपॉडही कामाचा नाही. जवळ जावं, नाहीतर लवकर उठावं.

ट्रायपॉडवरून आठवलं. १९९५ साली कॅननची ७५-३०० मिलिमीटरची झूम आली, एसएलआर (लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यासाठीची पहिली स्टॅबिलायझरवाली लेन्स. त्या पिढीच्या लेन्स ट्रायपॉडवर लावल्या की स्टॅबिलायझर बंद करावा लागे; नसलेली हालचाल सावरायला जाऊन तोच चित्र हलवी. आताच्या बऱ्याच लेन्सना ट्रायपॉड ओळखता येतो. मी तरी बंदच करतो.

माझा खरा राग आहे फिल्टरवर. हजारो रुपयांची लेन्स, आणि दुकानदाराने 'संरक्षण' म्हणून वर बसवून दिलेली स्वस्त काच! तपासणी तिथूनच सुरू करावी: आधी फिल्टर काढून, मग स्टॅबिलायझर बंद करून १/१००० सेकंदाच्या शटरवर तोच फोटो. एवढं करूनही पुसट आला तरच सर्व्हिस सेंटर. तिथे लेन्स सोडताना हे फोटो सोबत द्यावेत, नाहीतर 'दोष आढळला नाही' एवढाच कागद हातात पडतो.