गडकिल्ले साइट अपडेट: पेज पॅरामीटरचं काम एकदाचं मार्गी

मंडळी, ग्रुपच्या जुन्या साइटचं काम जरा पुढं सरकलंय. फोटो अजून चढवले नाहीत, त्याआधी पीएचपीतलं (साइट ज्या भाषेत लिहिलीय ती) एक भगदाड बुजवणं भाग होतं. यूआरएलमध्ये पेज=तोरणा आलं की जुना कोड ते नाव जसंच्या तसं उचलायचा, मागे .पीएचपी चिकटवायचा आणि सरळ इन्क्लूड (ती फाइल आत ओढून चालवणं). म्हणजे कुठली फाइल चालवायची ते समोरचा ठरवणार, वा रे वा!

मागे .पीएचपी हे एक्स्टेन्शन लावलंय ना मग काय होतंय, असं बऱ्याच जणांना वाटतं. लोकलहोस्टवर करून बघितलं. पेजच्या जागी पीएचपी फिल्टरचा रॅपर (फाइल न चालवता तिचा मजकूर रूप बदलून देणारा खास पत्ता) दिला, कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल बेस६४ (मजकुराचं सांकेतिक रूप) करून दे म्हटलं, तर स्क्रीनवर अगम्य अक्षरांची लांबच लांब ओळ आली आणि ती डीकोड केली तर डेटाबेसचा पासवर्ड समोर हजर. अलाऊ यूआरएल इन्क्लूड (बाहेरच्या यूआरएलवरची फाइल इन्क्लूड करू देणारी सेटिंग) पीएचपी ५.२ पासून मुळातच बंद असतं, पण ते बंद असलं तरी हा फिल्टर चालतोच.

दुसरा नेहमीचा सल्ला म्हणजे ../ (एक फोल्डर वर जायची खूण) रिकाम्याने रिप्लेस करून टाक. आता ....// पाठवा, रिप्लेस एकदाच फिरतं, मधलं ../ निघालं की उरलेलं जुळून परत ../ तयार! असली साफसफाई करत बसण्यात काही अर्थ नाही, माझं तरी स्पष्ट मत.

म्हणून साधा अ‍ॅरे (जोड्यांची यादी) केलाय, डावीकडे यूआरएलमधलं नाव, उजवीकडे खरी फाइल. नाव सापडलं तर उजवीकडची फाइल इन्क्लूड, नाहीतर ४०४ (पान सापडलं नाही), विषय संपला. बाहेरून आलेला मजकूर पाथमध्ये जातच नाही. फक्त आधी आलेलं नाव स्ट्रिंग (साधा मजकूर) आहे का बघा, कारण कोणी पेजपुढे चौकटी कंस लावले तर गेटमध्ये (यूआरएलमधून आलेली मूल्यं पीएचपी जिथे ठेवतं तिथे) अ‍ॅरे येतो आणि पीएचपी ८ टाइपएरर (चुकीच्या प्रकाराची एरर) फेकतं. आणि ४०४ एचटीएमएल छापायच्या आधीच पाठवायला हवा, त्यामुळे ही तपासणी इंडेक्स फाइलमध्ये अगदी वर आणली.

आता राहिलं कऱ्हाडचं पान. नावं देवनागरीतच हवीत हा ग्रुपचा हट्ट, आणि युनिकोडमध्ये ऱ दोन प्रकारे येतो, एक अख्खा किंवा र अधिक नुक्ता (खालचा टिंब). दिसायला सेम, अ‍ॅरेला मात्र वेगळ्या कीज (डावीकडची नावं), मग पान असूनही ४०४. पीएचपीच्या नॉर्मलायझरने आधी एनएफसी (दोन्ही प्रकार एकाच रूपात) करून घेतलं की जुळतंय, पण त्याला इंटल हे पीएचपीचं एक्स्टेन्शन (वेगळा जोडभाग) लागतं, ते होस्टिंगवर चालू आहे का ते बघतो आणि मग फोटोंकडे वळतो.