लेप्टिन की नुसतं वजन? नसेच्या दुखण्यावरचा प्रयोग पार पाडताना

चरबीतून निघणारं, भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक नसेचं (मज्जातंतूचं) दुखणं वाढवतं का, हे उंदरावर तपासायचं म्हटलं की काम सोपं वाटतं. एक लठ्ठ उंदीर, एक सडपातळ, दोघांच्या तळपायाला टोचून बघायचं. अशा तुलनेतून निघालेला आकडा आम्ही कुठेच धरत नाही. लठ्ठ उंदरात लेप्टिन एकटं वाढलेलं नसतं. साखर, इन्सुलिन, अंगातली सूज, पायावर पडणारा भार, सगळंच बदललेलं असतं, आणि महिनोन्‌महिने चरबीयुक्त खाद्यावर ठेवलेल्या उंदराच्या नसा त्या खाद्यानेच बिघडू लागतात. त्यामुळे खरा खटाटोप असतो तो लेप्टिनला या गर्दीतून एकटं बाहेर काढण्याचा.

वाट २००९ साली जपानमधल्या माएदा, किगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. ओबी/ओबी जातीच्या उंदरात कामाचं लेप्टिन बनतच नाही. भूक आवरत नाही म्हणून तो गोळ्यासारखा फुगतो. वजन भरपूर आणि लेप्टिन शून्य, म्हणजे आपल्याला हवी ती फाटाफूट निसर्गानेच करून ठेवलेली. या उंदराची सायटिक नस (मांडीतून पायात उतरणारी जाड नस) अर्धवट बांधली तर साध्या उंदराला होते तशी स्पर्शवेदना, म्हणजे हलक्या स्पर्शानेही होणारी वेदना, त्याला होत नाही. बाहेरून लेप्टिन दिलं की होते. साध्या उंदरात हे लेप्टिन जखमी नसेच्या बाहेरच्या आवरणातल्या मेदपेशींतून येतं, तिथे जमलेल्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर बसतं, त्यांच्या आतला जॅक-स्टॅट हा संदेशमार्ग चालू करतं, आणि कॉक्स-२, एमएमपी-९ अशी दाह वाढवणारी द्रव्यं वाढतात.

नैतिक समितीची मंजुरी हातात आल्यावर शस्त्रक्रिया. मांडीच्या वरच्या भागात नस उघडी करून तिच्या जाडीचा एक तृतीयांश ते अर्धा भाग ९-० रेशमी धाग्याने घट्ट बांधायचा. जास्त भाग बांधला गेला तर पाऊल लुळं पडतं, उंदीर ते उचलूच शकत नाही, आणि वहीत ‘वेदना नाही’ अशी नोंद होते. कमी भाग बांधला तर काहीच घडत नाही. कंट्रोल गटात नस उघडी करायची, पण बांधायची नाही. नसेभोवतीची चरबी चिमट्याने खरवडून जागा स्वच्छ करण्याची सवय हाताला असते. ती इथे मोडावी लागते, कारण ज्या मेदपेशींचा शोध घ्यायचा त्याच कापसावर निघून जातात. ओबी/ओबी उंदराला स्वतःचं तापमान धड राखता येत नाही, त्यामुळे भूल उतरेपर्यंत त्याच्याखाली गरम पॅड हवाच. त्याची जखमही उशिरा भरते. साध्या उंदराचं वेळापत्रक त्याला लावू नये.

स्पर्शवेदना मोजायची ती फॉन फ्राय तंतूंनी, म्हणजे ठरावीक ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूंनी. उंदराला जाळीच्या तळावर पेटीत सोडायचं आणि अर्धा ते एक तास हात लावायचा नाही. इकडेतिकडे हुंगणं थांबलं, अंग चाटणं थांबलं की सुरुवात. तंतू तळपायाला काटकोनात टेकवायचा, किंचित वाकेपर्यंत दाबायचा आणि काही सेकंद धरायचा. पाय झटकला, चाटला किंवा तंतू काढताना दचकून उचलला तर ‘हो’. चालता चालता उचलला तर मोजायचं नाही, थांबून पुन्हा करायचं.

वर-खाली पद्धतीत पाय हलला नाही तर पुढचा जाड तंतू लावायचा, हलला तर आधीचा बारीक. चाल कशी पडते ते एका उंदरावर बघू. ०.४ ग्रॅमला पाय हलला नाही, म्हणून ०.६ लावला, झटकला. उत्तर इथे पहिल्यांदा उलटलं, आता पुढची चार वाचनं घ्यायची. ०.४ नाही, ०.६ हो, ०.४ हो, ०.१६ नाही. या सहा खुणांच्या क्रमाला तक्त्यात एक गुणांक असतो, त्यावरून ५० टक्के उंबरठा, म्हणजे निम्म्या वेळा पाय हलवणारा दाब, निघतो. मेख अशी की हे गणित तंतूंमधलं अंतर लॉगमध्ये सारखं धरतं. ०.०७, ०.१६ आणि ०.४ यांच्यात ते जवळपास सारखं आहे, पण १.० आणि १.४ अगदी चिकटलेले आहेत. उंबरठा त्या टोकाला गेला की आकड्यावर फार विसंबू नये. नायलॉनचे तंतू दमट हवेत मऊ पडतात, म्हणून मोजणीच्या दिवशी प्रत्येक तंतू काट्यावर दाबून वजन तपासायचं. हे कंटाळवाणं आहे, पण तंतूच खोटं बोलत असेल तर पुढचं सगळं वाया.

मोजणारी व्यक्तीही बदलू नये. पुरुषाच्या वासाने उंदरांवर ताण येतो आणि वेदना दबते, हे २०१४ मध्ये वेदनासंशोधक जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं. पुरुषाने वापरलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी तोच परिणाम दिसला होता.

आता लेप्टिनचं इंजेक्शन, आणि सर्वात जास्त फसगत इथेच होते. बाजारात मिळणारं लेप्टिन बहुधा ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं असतं. शुद्धीकरण कमी पडलं तर त्यात एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या कवचातलं विषारी द्रव्य, उरतं, आणि मॅक्रोफेज भडकवायला त्याचा अंशही पुरतो. मग वेदना वाढते, श्रेय लेप्टिनला जातं, काम मात्र जिवाणूच्या कवचाने केलेलं असतं. कुपीवरच्या हमीवर न थांबता एंडोटॉक्सिन शोधणारी एलएएल चाचणी करावी, आणि त्याच कुपीतलं उकळलेलं लेप्टिन एका गटाला द्यावं. उकळल्यावर प्रथिन निकामी होतं, एंडोटॉक्सिन तसंच राहतं. उकळलेल्या डोसनेही पाय झटकला जात असेल तर ती कुपी बाद.

दुसरा सापळा भुकेचा. लेप्टिन दिल्यावर उंदीर कमी खातो आणि बारीक होतो. म्हणून एका गटाला सलाइन टोचून लेप्टिनवाल्या उंदरांनी आदल्या दिवशी खाल्लं तेवढंच खाद्य मोजून द्यायचं. हा गट ठेवला नाही तर उपाशीपणाचा परिणाम संप्रेरकाच्या नावावर खपतो.

रक्तातली पातळी एलायझाने (प्रतिपिंडांच्या आधारे प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने) मोजायची. रोज ठरल्या वेळीच रक्त घ्यायचं, कारण लेप्टिन दिवसरात्रीत चढउतार करतं आणि उपाशीपणी पडतं. लेप्टिन नॅनोग्रॅममध्ये असतं आणि चरबीतूनच निघणारं दुसरं संप्रेरक अ‍ॅडिपोनेक्टिन मायक्रोग्रॅममध्ये, सुमारे हजार पटींचा फरक. एकाच पातळ केलेल्या नमुन्यात दोन्ही मोजू पाहिलं तर अ‍ॅडिपोनेक्टिनचे चाचणी-ताटलीतले खळगे गडद होऊन मोजणीच्या वक्राबाहेर जातात. सीरम हजारो पट पातळ करावं लागतं, तेही दोन-तीन टप्प्यांत, दर टप्प्याला पिपेटला नवं टोक लावून. अ‍ॅडिपोनेक्टिनची गोष्ट उलटी आहे: चरबी वाढली की ते घटतं, आणि त्याचा कल दाह शमवण्याकडे. त्यामुळे लठ्ठपणात एक हात वाढलेला आणि दुसरा आखडलेला असतो. आम्ही दोन्ही मोजतो, निष्कर्ष मात्र लेप्टिनपुरताच ठेवतो.

राहिलं ते मोजणाऱ्याचे डोळे बांधणं. ओबी/ओबी उंदीर पेटीत बसला की जात लगेच कळते, तिथे लपवालपवी चालत नाही. इंजेक्शनच्या कुप्यांवर सांकेतिक अंक घालता येतात, पण लेप्टिन मिळालेले उंदीर काही दिवसांत इतके उतरतात की अंकाचाही अर्थ उरत नाही. त्यावर आम्ही जाळीखालून फक्त तळपाय दिसेल असा कॅमेरा लावतो. शेपटी आणि पोट चौकटीबाहेर, आणि ‘हो-नाही’च्या खुणा करणारी व्यक्ती शेजारच्या खोलीत.