आमची वाटचाल : रॅम्पपासून बाटलीपर्यंत

पहिली दोन वर्षं आमच्याकडे वॅक्स, म्हणजे गाडी चमकवायचं मेण, ही वस्तूच नव्हती. होता एक रॅम्प, एक प्रेशर पंप, विहिरीचं पाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरीचं पोतं. 2008 साली मी आणि धाकट्या भावाने चिपळुणात मुंबई-गोवा हायवेलगत वॉशिंग सेंटर टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे चिऱ्याचे ट्रक, वाळूचे डंपर आणि वडाप. त्यांना गाडी चमकवायची नसते, हलकी करायची असते. खालचे मातीचे थर काढायचे, वरून पावडरीचा फेस आणि शेवटी चॅसीला जळक्या ऑइलचा फवारा. (त्या ऑइलने रबराचे बुश फुगतात, हे पुढे एका मेस्त्रीने आम्हाला शिव्या घालून शिकवलं.)

छोट्या गाड्या यायच्या त्या गणपतीत आणि मे महिन्यात, चाकरमान्यांच्या. त्यांनाही तीच पावडर. डोंबिवलीचे एक काका दरवर्षी यायचे. एकदा बोनेटवर बोट फिरवून म्हणाले, "अरे, तुझ्याकडे गाडी स्वच्छ होते, पण साबणाने केस धुतल्यासारखी कोरडी पडते." मला तेव्हा राग आला होता. पण काकांचं बरोबर होतं. कपड्यांची पावडर तेलकटपणा काढायलाच बनवलेली. ती चिखलाबरोबर गाडीवरचं जुनं वॅक्सही काढून नेते. पुढच्या सीझनला आम्ही गाड्यांचा शाम्पू आणला आणि काकांनीच ठाण्याहून आणून दिलेला वॅक्सचा पहिला डबा उघडला.

तो डबा कार्नोबाचा होता. ब्राझीलमध्ये एक ताडाच्या जातीचं झाड आहे, त्याच्या पानांवर हे मेण धरतं. मधमाशीचं मेण 62-64 अंशांना वितळतं, कार्नोबाला 82 ते 86 लागतात, म्हणून गाडीला ते चालतं. हे सगळं मी नंतर वाचलं. पहिल्या दिवशी आम्ही काय केलं, तर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, उन्हात उभ्या काळ्या गाडीच्या बोनेटवर बोटबोटभर मेण थापलं. पातळ करणारं द्रव्य क्षणात उडून गेलं आणि मागे राहिली भिंतीवर वाळलेल्या चुन्यासारखी पांढरी खरपुडी. दोघं भाऊ तीन तास ती घासत होतो. काळ्या प्लास्टिकच्या बंपरवर गेलेलं मेण तर दुसऱ्या दिवशी दात घासायच्या जुन्या ब्रशने काढलं. गिऱ्हाईक तोवर दोनदा चहा पिऊन आलं होतं.

मेण लावण्यात हुशारी लागत नाही, हात आवरावा लागतो. कुंकवाच्या करंड्यातून बोटाला लागेल तेवढंच घ्यायचं आणि त्यात अख्खं दार उरकायचं. लावल्यावर ते दिसलं तर जास्त झालं. हाताची मागची बाजू पत्र्याला टेकवायची, चटका लागला तर गाडी सावलीत घेऊन एक चहा घ्यायचा. डब्यावर लिहिलेलं असतं, "पाच मिनिटांत धुरकट झालं की पुसा." पण ही पाच मिनिटं कोकणातली नाहीत. जुलैत आमच्याकडे पंधरा-वीस मिनिटं झाली तरी ते ओलंच असतं. म्हणून घड्याळ बघायचं नाही. कोपऱ्यात बोट ओढायचं. मेण फराटा न उमटता साफ निघालं तर पुसायला घ्यायचं, लगदा झाला तर थांबायचं.

हे जमायला लागल्यावर धंदा वाढला आणि आम्हाला मशीनची हौस आली. घासून चमक आणणारं बफिंग मशीन घेतलं, कंपाउंड म्हणजे त्याची घासणारी पेस्ट आणली. पहिल्या हाताला जुनी गाडी अशी उजळते की मालक आपलीच गाडी ओळखत नाही. मोठी नोट सहज निघायची. पण गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला आमचे पेंटर लॅकर म्हणतात, तो साधारण 40-50 मायक्रॉनचा. डोक्याचा केस याहून जाड असतो. कंपाउंड चमक आणतं ते याच थराचा पापुद्रा काढून. दरवर्षी दिवाळीला 'रबिंग-पॉलिश' करून घेणारी माणसं आहेत. त्यांच्या गाडीचं छप्पर सातव्या-आठव्या वर्षी कोड आल्यासारखं पांढरं पडतं, आणि मग तेच विचारतात, रंग कसा काय गेला? मी स्वतः अशा किती गाड्यांची छपरं खाल्ली असतील, ते मोजलेलं नाही.

मेण काहीही काढत नाही, फक्त वर बसतं. जुनी जीप किंवा टेम्पो असेल, ज्यावर लॅकरच नाही, तर मात्र फडक्याला रंग लागतो. एका मामांच्या लाल जीपवर फडकं लाल झालं तेव्हा ते खुर्चीवरून ओरडले होते, "अरे थांब, गाडी पुसतोयस की सोलतोयस?" तो वर मेलेला रंग होता, तो निघालेला चांगला. हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला.

मग कोटिंगचा जमाना आला. नवी गाडी घेताना शोरूममध्ये काही हजारांत 'टेफ्लॉन कोटिंग' गळ्यात पडतं. गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन विचारायचं, हे कसं? नॉनस्टिक तव्यावर जे असतं, ते पत्र्याला धरायला भट्टीत साडेतीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. गाडी कोण तापवणार तेवढी? गाडीवर जे लावलं जातं ते एक बरं सीलंट, म्हणजे मेणाच्या जागी लावायचा सिंथेटिक थर, असू शकतं, पण तव्याच्या नावाचे पैसे द्यायचं कारण नाही.

सिरॅमिक कोटिंग ही खरी चीज आहे, ते मी नाकारत नाही. नीट केलं तर दोन-तीन वर्षं पाणी ठरू देत नाही. पण 'नीट केलं तर' यातच सगळा खर्च आहे. गाडी आधी चिकणमातीच्या वडीने घासून गुळगुळीत करायची, मशीनने ओरखडे काढायचे, स्पिरिटने तेलाचा अंश पुसायचा, मग थेंब थेंब लावून मिनिट-दोन मिनिटांत पुसायचं आणि पुढे निदान एक दिवस पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. 2019 च्या जुलैत मी एका डॉक्टरांच्या काळ्या गाडीवर ते लावलं. शेडला तीन बाजूंनी ताडपत्री, आत ट्यूबलाइट, बाहेर मुसळधार. ट्यूबलाइटमध्ये सगळं झकास दिसलं. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि डॉक्टरांनी फोन न करता गाडीच आणून उभी केली. दोन्ही दारांवर तेलाच्या तवंगासारखे सप्तरंगी पट्टे. दमट हवेत ते कधी धरतंय हे मला कळलंच नव्हतं. वाळलेलं सिरॅमिक पुसून जात नाही, मशीननेच उतरवावं लागतं. दोन दिवस उतरवत होतो. पैसे परत केले, वर वर्षभर वॉश फुकट.

त्याच वर्षी दसऱ्याला आणखी एक गंमत झाली. एका मास्तरांची नवी पांढरी गाडी मी आदल्या संध्याकाळी स्प्रे सीलंट मारून दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरून बोलावणं. गेलो तर अंगणात गाडीला झेंडूचा हार, पुढे नारळ, आणि मास्तरांच्या आई ओल्या कुंकवाचं बोट घेऊन बोनेटवर वाकलेल्या. स्वस्तिकाची रेघ ओढली की कुंकू मागच्या मागे गोळा होऊन थेंब व्हायचा आणि घरंगळत खाली यायचा. तीनदा काढलं, तीनदा गेलं. आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय लावलंस रे मेल्या? देवाचं उठत नाही त्याच्यावर!"

मास्तर हसत होते, मला घाम फुटला होता. शेवटी ओल्या फडक्यावर थोडी भांडी घासायची पावडर घेऊन हातभर जागा चोळली, तेव्हा कुठे स्वस्तिक उठलं. पण त्या अंगणातल्या सात-आठ शेजाऱ्यांनी ते थेंब बघितले होते. दिवाळीपर्यंत त्यातले पाच जण आले. आमच्या बोर्डापेक्षा आजींच्या बोटाने जास्त जाहिरात केली. तेव्हापासून दसऱ्याच्या गाड्यांना बोनेटच्या मधली वीतभर जागा आम्ही कोरी सोडतो आणि पूजा झाल्यावर मालकाने ती स्वतः भरून घ्यायची. एक मात्र सांगतो. हळदीचा डाग ऊन खाऊन आपोआप उडतो, कुंकवाचा रंग मात्र तसा जात नाही. ते संध्याकाळीच पुसा.

22 जुलै 2021. त्या पुराबद्दल चिपळूणकराला वेगळं सांगायला नको. रात्रीत वाशिष्ठी आत आली, सकाळी शेडच्या पत्र्याखाली दोन हात जागा उरली होती. पंप, कॉम्प्रेसर, दोन्ही बफिंग मशीनं, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर शेडच्या एका आढ्याला वॅक्सचे सहा डबे अडकलेले सापडले, झाकण घट्ट असल्यामुळे तरंगत वर गेले होते. पुढचे दोन महिने फक्त गाळ काढला. लोक बुडालेल्या गाड्या आणून विचारायचे, "पॉलिश करून बघू या का?" मी नाही म्हणायचो. सीटखाली गाळ आणि वायरिंगमध्ये पाणी असताना पत्रा चमकवून काय करायचं?

मशीन घ्यायला पैसे नव्हते. उरले ते हात, फडकी आणि उधारीवर आणलेल्या स्प्रे सीलंटच्या बाटल्या. नाइलाजाने जे धरलं तेच आता आमचं दुकान आहे.

स्प्रेचं असं आहे. गाडी शाम्पूने धुवायची, पूर्ण पुसायचीसुद्धा नाही, ओल्या पत्र्यावर दाराला दोन-तीन फवारे, एका मायक्रोफायबरच्या फडक्याने पसरवायचं, दुसऱ्या कोरड्याने पुसायचं. धुरकट होण्याची वाट बघणं नाही, खरपुडी नाही, प्लास्टिकवर डाग नाही. वीस मिनिटांत गाडी होते. एका वेळेला 30-40 मिली लागतं, म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली बारा-पंधरा वेळा पुरते. टिकतं किती? मे अखेरीस लावलेलं कार्नोबा आमच्या पावसात जुलै संपेतो गेलेलं असतं. चांगला सिंथेटिक स्प्रे गणपतीपर्यंत येतो. सिरॅमिकपुढे हे काहीच नाही. पण सिरॅमिकवालाही गाडी आंब्याखाली लावतोच.

आणि आमच्याकडे खरा वैरी तोच. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे आंब्यावरून मधासारखा चिकटा गाळतात, त्यावर जांभ्याची लाल धूळ बसते, वर पक्ष्यांची विष्ठा. विष्ठा उन्हात दोन दिवस राहिली तर लॅकरवर कायमचा ठसा. कुठल्याही कोटिंगने हे थांबत नाही, फक्त वेळ मिळतो. त्या वेळात जो ओलं फडकं फिरवतो त्याची गाडी राहते. म्हणून मी काउंटरवर आधी विचारतो, गाडी कुठल्या झाडाखाली असते आणि धुतं कोण? ड्रायव्हर धुतो म्हणाले की डब्यातलं मेण देतच नाही. तो ते एकदा लावेल, हात दुखले की डबा डिकीत जाईल. ज्यांना रविवारी सकाळी दोन तास गाडीशी खेळायला आवडतं त्यांना मात्र मेणच देतो, कारण गडद रंगावर त्याची ओलसर झाक स्प्रेला येत नाही. मॅट, म्हणजे बिनचमकेच्या, रंगाच्या गाडीला यातलं काहीच नाही. कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड-पाटणकडे जाणाऱ्यांना जादा एक गोष्ट सांगतो. तिकडे बोअरचं पाणी जड, थेंब गाडीवर वाळले की पांढरी वर्तुळं पडतात, आणि वॅक्स केलेल्या गाडीवर ते जास्तच उठून दिसतात. धुतल्यावर पाणी पुसल्याशिवाय गाडी सोडू नका.

भाऊ सुरुवातीला चिडायचा. "बाटली विकली की गिऱ्हाईक गेलं, आपण काय धुणार?" हिशेब उलटा निघाला. जो घरी स्प्रे मारतो तो गाडीकडे बघायला लागतो. त्याला आधी न दिसणारे ओरखडे दिसतात, डांबराचे ठिपके दिसतात, आणि मग तो ते काढायला आमच्याकडेच येतो.

बाटलीबरोबर दोन फडकी आणि एक कागद देतो. कागद बायकोने लिहिला आहे, कारण मी लिहिलेला दोन पानी झाला होता. तिचा असा: "सावलीत. आधी धुवा. फवारा थोडा. एक फडकं लावायला, दुसरं पुसायला. खाली पडलेलं फडकं गाडीला लावू नका. काचेवर नको. फडकी कम्फर्टमध्ये बुडवू नका." शेवटची ओळ तिने आग्रहाने घातली. कपडे मऊ करणाऱ्या त्या द्रवाने मायक्रोफायबरचे धागे बुळबुळीत होतात आणि पुसताना फराटे येतात. हे मला सोळा वर्षांच्या धंद्यात कळलं नव्हतं, तिला दोन धुण्यांत कळलं.

सध्या रिक्षा स्टँडवरचे चाचा मागे लागले आहेत. अर्ध्या लिटरची बाटली त्यांना परवडत नाही, आणि रिक्षाला पत्रा असतो तरी किती! त्यांच्यासाठी 100 मिलीच्या बाटल्या मागवल्या आहेत. कागदावरची अक्षरं मोठी करून हवीत अशी त्यांची दुसरी मागणी आहे. नवी शेल्फं लावून झाली, पुराच्या खुणेच्या वर, त्यामुळे बाटली काढायला भावाला आता स्टूल लागतं.