लग्नाच्या भेटींची यादी आणि तीन सारखी पातेली

लग्न होऊन दोन महिने झाले. घर लागलं, आभाराची पत्रं गेली, उसनी आणलेली भांडी परत झाली. तरी फोनवर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ही टेप लागली की माझं डोकं अजून तापतं. एका पातेल्यापायी माझे एकोणीस दिवस गेले, आणि जे होऊ नये म्हणून एवढी धडपड केली तेच शेवटी झालं. ज्यांचं लग्न पुढच्या वसंतात आहे त्यांनी यादी उघडण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितेय.

यादी करायची कल्पना नवऱ्याची. मला आधी फार संकोच वाटत होता. लोक प्रेमाने देणार आणि आपण त्यांच्या हातात यादी ठेवायची? आईने तो प्रश्न मिटवला. "सगळे मलाच विचारतायत, पोरांना काय हवंय म्हणून. मग सांगायला कसली लाज?" तिचं बरोबर होतं. न विचारता दिलेल्या वस्तू माळ्यावर जातात, आणि ज्याने पैसे घालून आणलं त्याचं मन त्यात फुकट जातं.

आम्ही एका मोठ्या दुकानात यादी उघडली. पद्धत साधी आहे. आपण वस्तू निवडायच्या, यादीला एक क्रमांक मिळतो, घेणाऱ्याने तो क्रमांक सांगून वस्तू घ्यायची, की त्या वस्तूपुढे 'घेतली' अशी खूण पडते. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने १९२४ मध्ये अशी यादी सुरू केली. अमेरिकेतल्याच टार्गेटने १९९३ मध्ये दुकानात यंत्रं बसवून जोडप्यांना आपली यादी आपणच करता येईल अशी सोय केली. पण वही असो की संगणक, या सगळ्याचा जीव त्या एका खुणेत आहे. एकाने घेतलेली वस्तू दुसऱ्याला दिसू नये, यासाठीच तर यादी! ती खूण पडली नाही तर आपण नुसतीच आपली हौस लिहून काढलेली असते.

निवडायला दोन रविवार पुरले. मी खिशात फ्रिजवरचं चुंबक घेऊन फिरत होते. आमच्या घरी इंडक्शनची शेगडी आहे आणि स्टीलच्या भांड्यावर १८/१० असं कोरलेलं असलं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल, की ते उत्तम टिकतं, पण चुंबक त्याला धरत नाही. इंडक्शनसाठी बुडाशी चुंबक धरणारा थर हवाच. भांडं उलटं करायचं, चुंबक लावायचं, खट्ट करून बसलं तरच यादीत घ्यायचं. टॉवेल बघताना जीएसएमचा आकडा बघा, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. ४०० ते ६०० मधले रोजच्या वापराला चांगले. त्याहून जाड टॉवेल दुकानात हाताला मऊ लागतात, पण घरी वाळता वाळत नाहीत. चादरींवर धाग्यांचा आकडा फार मोठा छापलेला असेल तर भुलू नका, बऱ्याचदा पिळाचे पदर सुटे धरून तो फुगवलेला असतो.

वसंताच्या लग्नाची एक वेगळी अडचण आहे, ती मला कुणी सांगितली नव्हती. यादी आपण थंडीत करतो. पाहुणे खरेदी करतात लग्नाच्या तोंडावर, आणि तोवर दुकानाने थंडीचा माल काढून टाकलेला असतो. आमची रजई, जाड ब्लँकेट आणि एक हीटर, तिन्हींपुढे 'उपलब्ध नाही' आलं. यादी अर्धी रिकामी दिसायला लागली आणि लोक आपल्या मनाने घ्यायला लागले. दर पंधरा दिवसांनी यादी उघडून बघा, आणि गेलेल्या वस्तूच्या जागी लगेच दुसरी घाला. बारा महिने मिळणाऱ्या वस्तूच जास्त ठेवा.

आता पातेलं.

तीन थरांचं, जाड बुडाचं, काचेच्या झाकणाचं पाच लिटरचं पातेलं. यादीत एकच होतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मंडळींनी मिळून ते घेतलं, खूण पडली, सगळं नीट. लग्नानंतर भेटी उघडायला बसलो तर तेच पातेलं दुसऱ्या खोक्यातून निघालं. मग तिसऱ्यातून. एक आईच्या मैत्रिणीने दिलेलं. एक माझ्या चुलत आजोबांनी, त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. आप्पांच्या खोक्यावर त्यांच्या हातचं कार्ड चिकटवलेलं होतं. अक्षर थरथरतं, ओळ उतरती होत गेलेली. "दोघांना पुरून चार पाहुण्यांनाही पुरेल असे घेतले आहे." मी ते कार्ड सोडवून पाकिटात ठेवलं.

कसं झालं ते नंतर कळलं. दोघांनीही आईला विचारलं होतं, "काय घेऊ?" आणि आईने दोघांनाही आठवेल ते सांगितलं, "पातेलं हवंय त्यांना." दोघंही दुकानात गेले, काउंटरवरून घेतलं, पैसे दिले. काउंटरवरच्या माणसाने एवढंच विचारायला हवं होतं, "लग्नाची भेट आहे का? यादीचा क्रमांक आहे का?" कुणी विचारलं नाही. मग खूण कुठून पडणार?

मला वाटलं, सोपं आहे, एक बदलून घेऊ. फोन केला. अठरा मिनिटं टेप ऐकल्यावर बाई आल्या. बिल क्रमांक विचारला. भेट आहे, बिल माझ्याकडे कसं असेल? मग त्या म्हणाल्या, "ज्यांनी घेतलं त्यांचा मोबाइल नंबर द्या. त्यांच्या नंबरवर ओटीपी जाईल, तो सांगा." म्हणजे मी आप्पांना फोन करायचा आणि म्हणायचं, आप्पा, तुम्ही दिलेलं मी परत करतेय, तेवढा ओटीपी सांगा? ऐंशी पार केलेल्या माणसाला? मी नाही म्हटलं. "मॅडम, सिस्टीममध्ये दुसरा ऑप्शन नाही." हे वाक्य मी पुढच्या दोन आठवड्यांत पाच जणांच्या तोंडून ऐकलं.

ईमेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं, त्यात माझंच म्हणणं परत मला लिहून पाठवलेलं आणि खाली 'तक्रार बंद' असा शेरा. पुन्हा केला. यादीचा क्रमांक दिला, तिन्ही पातेल्यांचे फोटो ओळीने लावून पाठवले. या वेळी उत्तर आलं की वस्तू यादीतून घेतलेली नसल्याने यादीचा विभाग काही करू शकत नाही, ग्राहक विभागाशी बोला. ग्राहक विभागाने सांगितलं, लग्नाची भेट आहे ना, मग यादीच्या विभागाशी बोला. चार दिवस मी या दोघांच्या मधे फिरत होते. नवऱ्याने सांगितलं, राहू दे तीन. पण घरात जागा दोन माणसांची आणि मला लागत होता वाचायचा दिवा. शिवाय आता प्रश्न पातेल्याचा उरलाच नव्हता. दिलेली भेट देणाऱ्याला न दुखवता बदलता येऊ नये, असा नियम करणाऱ्याने कधी कुणाकडून भेट घेतलीच नसेल का, हे मला कळेना.

सोळाव्या दिवशी पातेलं पिशवीत घालून दुकानात गेले. पहिल्यांदा मॅनेजर नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, पण "बिल नसेल तर अवघड आहे." एकोणिसाव्या दिवशी काउंटरच्या मागून एक तरुण मुलगी पुढे आली आणि तिने पहिला कामाचा प्रश्न विचारला. "ताई, खोकं आहे का?" खोक्याच्या तळाशी, घडीच्या आत, पांढरं स्टिकर असतं. त्यावर बिल क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक टाकून झालेली खरेदी मागाहूनही यादीला जोडता येते, आणि एकदा जोडली की यादी ज्याच्या नावावर तो स्वतः बदलून घेऊ शकतो. ओटीपी लागत नाही. दोन मिनिटांचं काम. एकोणीस दिवसांत एकानेही हे सांगितलं नव्हतं.

आईच्या मैत्रिणीचं खोकं रद्दीत गेलेलं. ऑफिसचं घरपोच आलेलं, त्याच्यावर तसलं स्टिकरच नव्हतं, आणि ज्याची खूण नीट पडली होती ते बदलायचं मनातही नव्हतं. राहिलं होतं फक्त आप्पांचं, कारण त्यावर कार्ड होतं म्हणून मी ते टाकलं नव्हतं. घरी जाऊन घेऊन आले. पातेली तिन्ही सारखीच, तेव्हा आप्पांचं पातेलं घरीच राहिलं, दुसरं त्यांच्या खोक्यात घालून दिलं. क्रेडिट नोट हातात आली. बाहेर पडताना मला इतकं हलकं वाटलं की मी पायऱ्यांवर पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

म्हणून सांगते, खोकी टाकू नका. निदान दोन महिने तरी. जागा नसेल तर तळाच्या स्टिकरचा फोटो काढा आणि कुणी दिलं ते फोटोवर लिहा. आणि यादी उघडतानाच दुकानाला हे प्रश्न विचारा, उत्तर लेखी घ्या: काउंटरवर घेतलेली वस्तू यादीत जोडतात का? भेट मिळालेल्याला बदलून मिळतं का, की घेणाऱ्याचीच परवानगी लागते? मुदत खरेदीच्या दिवसापासून धरतात की लग्नाच्या? आमच्याकडे काही भेटी लग्नाआधी सहा आठवडे घेतलेल्या होत्या, खरेदीपासून धरली तर मुदत लग्नाच्या दिवशीच संपते. बऱ्याच ठिकाणी भेटीचं बिल वेगळं मिळतं, त्यावर किंमत नसते. पाहुण्यांना तेवढं खोक्यात टाकायला सांगता आलं तर पुढचा सगळा त्रास वाचतो.

हेही आत्ता आठवलं. मोठ्या वस्तूसाठी चारजणांनी मिळून पैसे भरायची सोय असेल, तर पैसे पूर्ण जमले नाहीत तर त्यांचं काय होतं ते विचारून ठेवा. आमच्या कपाटाचे पाऊण जमले आणि अडकले. परदेशातून कुणी विजेची वस्तू पाठवणार असेल तर मागचं लेबल वाचायला सांगा. ११०–१२० व्होल्टची वस्तू २२०–२४० व्होल्टवर थेट लावली तर जळते. '१००–२४०' लिहिलं असेल तर कुठेही चालते, फक्त पिनेचा आकार बघायचा. आणि यादी सगळ्यांना नावाने शोधता येईल अशी ठेवू नका, तिच्यावर घराचा पत्ता आणि लग्नाची तारीख दोन्ही असतात.

यादी पत्रिकेत छापली नाही. विचारेल त्याला बहिणीने पाठवायची असं ठरवलं आणि मजकूर मी लिहून दिला: "तुम्ही येणं हीच भेट. तरी काही द्यावंसं वाटलं तर घर लावताना आम्हाला लागणाऱ्या वस्तू इथे आहेत. लहानमोठं काहीही चालेल." हा मजकूर कुणालाही वापरता येईल. लोकांना तो आवडला, निदान कुणी नाराज झालेलं माझ्या कानावर आलं नाही.

क्रेडिट नोट मिळाली त्याच संध्याकाळी आप्पांचा फोन. "काय गं, पातेलं खराब निघालं का? दुकानाचा मेसेज आलाय, तुमची वस्तू परत घेतली म्हणून."

ओटीपी न पाठवता दुकानाने परतीचा मेसेज मात्र त्यांनाच पाठवला होता. माझे डोळेच भरून आले. एकोणीस दिवस मी जे टाळत होते ते एका मेसेजने झालं. लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं, तीन पातेली, स्टिकर, खोकं, आणि त्यांचं पातेलं माझ्याच ओट्यावर आहे हेसुद्धा.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "यादी होती तर मला का नाही दिलीस?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. बहिणीने लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली होती. आप्पांकडे बटणांचा फोन आहे. घरातल्या चार मोठ्या माणसांसाठी ती यादी कागदावर मोठ्या अक्षरात काढून द्यायला अर्धा तास लागला असता, आणि ते मला सुचलं नव्हतं. मी तसं त्यांना सांगितलं आणि माफी मागितली.

"ते असू दे. काय काय उरलंय त्यात? वाच बघू."

मी यादी उघडून वाचायला लागले. आंघोळीचे टॉवेल. भिंतीवरचं घड्याळ. कपड्यांची टोपली. टेबलावरचा दिवा.

"थांब. तो दिवा कुणी घेतला नाही अजून?"

"नाही आप्पा."

"मग त्या पैशांत तो घे. आणि कार्ड मी दुसरं लिहून पाठवतो, पातेल्याचं त्याला चालायचं नाही."