काहीबाही

मंगळवार, रात्रीचे अकरा

ओट्स-चॉकलेटची बिस्किटं छान झाली. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून वाटायचं की करपली.

दुपारी चारच्या सुमाराला वरच्या काकूंचा फोन आला. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घेतला. त्या फोन स्पीकरवर टाकतात आणि तरीही ओरडून बोलतात, त्यामुळं ऐकायला कान द्यावा लागत नाही. काकूंनी विचारलं, सूनबाई काय करलालीय? आत्या म्हणाल्या, "काय न्हाई ओ. करलालीय काहीबाही."

एवढंच. आवाजात खोच नव्हती. मी ओटीजीसमोर (विजेची छोटी भट्टी) पाटावर बसून काचेतून आत बघत होते आणि तो शब्द येऊन बसला तो अजून उठलेला नाही.

नुसतं "काही" म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. "बाही" कशाला?

आता या काहीबाहीत काय काय असतं ते लिहिते. १०० ग्रॅम लोणी. वितळलेलं नको, बोट खुपसलं तर रुतेल इतपत मऊ. मे महिन्यात लातुरात, बाहेर ४१ असताना, ते इतपतवर थांबत नाही. ओट्यावर दहा मिनिटं विसरलं की तेल. आणि पातळ लोण्याचं पीठ ट्रेमध्ये ठेवलं की बिस्किटं पसरून एकमेकांचे हात धरतात, सगळ्यांचं मिळून एक थालीपीठ होतं. म्हणून पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचं. मागच्या वेळी ठेवलं होतं तर ह्यांनी कणीक समजून सकाळी पोळ्यांना काढून दिलं. तवाभर चॉकलेट. असो.

त्यात अर्धी वाटी ब्राऊन शुगर सांगतात. ब्राऊन शुगर म्हणजे तरी काय, साखरेला काकवी चोपडलेली. उसाच्या जिल्ह्यात राहून ती पुण्याहून मागवायची? मी गुळाची पावडर घालते, वर पाव वाटी साखर. साखरेनं कडा कुरकुरीत होतात, गुळानं मधला भाग मऊ राहतो. अंड्याऐवजी तीन चमचे दूध, कारण आत्या. मैद्याऐवजी पाऊण वाटी कणीक, कारण ह्यांची शुगर (साखर घालून कणीक वापरायची, हा आमच्या घरचा पथ्याचा हिशोब). सव्वा वाटी ओट्स. अर्धा चमचा सोडा. लोणी खारं असेल तर मीठ घालायचं नाही, हे मी एकदा चुकून शिकले.

ओट्सचंही एक लफडं आहे. गंजगोलाईला, म्हणजे इथल्या बाजारपेठेत, सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातले पाच मी पालथे घातले तेव्हा कुठं जाड, चपटे ओट्स मिळाले. पहिल्या चार ठिकाणी मसाला ओट्स पुढं केले. एकानं तर म्हटलं, "मॅडम, हेच चालतेत, टाका बिनधास्त." टाकले असते तर पोरानं हॉस्टेलवर तिखट चॉकलेट बिस्किटं खाल्ली असती. बारीक, झटपटवाल्यांचा पिठात लगदा होतो. जाड ओट्स भाजले गेले की दाताखाली लागतात, हुरड्यासारखे नाही, पण त्याची आठवण येईल इतपत. ह्यांच्या मते तो घोड्याचा खुराक आहे.

चिप्सबद्दल: ही चॉकलेटचे तुकडे घालायची कल्पना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका बाईची. रूथ वेकफिल्ड. टोल हाऊस नावाची खाणावळ होती त्यांची, आणि १९३० च्या दशकात तिनं चॉकलेटची वडी तोडून बिस्किटांच्या पिठात टाकली. आता चिप्सच मिळतात. त्यात कोकोचं लोणी कमी असतं म्हणून भट्टीतही आकार सोडत नाहीत. ती बाई स्वयंपाकघरात चॉकलेट तोडत होती तेव्हा बाहेरच्या खोलीतून कुणी काय म्हणालं असेल, हे मला आज दिवसभर वाटत होतं.

बघा, पुन्हा तिथंच आले.

१८० वर लावली आणि सहाव्या मिनिटाला लाईट गेली. फोन येऊन गेल्यावर लगेच. म्हणजे आधी शब्द, मग लाईट. मला खरंच रडू आलं. बिस्किटांसाठी कुणी रडतं का? वय काय माझं. शाळेतली नोकरी सुटल्यापासून हे असं होतंय, आणि ते शाळेमुळं नाही हेही मला माहीत आहे. जाऊ दे.

दार उघडलं नाही. ही एक गोष्ट मला कळते: सळ्या विझल्या तरी आतली धग लगेच जात नाही, दार उघडलं तरच जाते. वीस मिनिटं तशीच बसले, पदरानं वारा घेत. लाईट आल्यावर चार मिनिटं अजून दिली. कडा सोनेरी, मध्ये जरा फिकी. ट्रे बाहेर काढला तर आत्या आल्या, एकीला बोटानं दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"कच्ची हाय गं माय."

कच्ची नसतात. गरम असताना मऊच असतात, ट्रेवरच दहा मिनिटं राहू दिली की आपोआप आळतात. आत कडक होईपर्यंत ठेवली तर निवल्यावर दात पडतील. हे मी सांगितलं. "हां का" म्हणून गेल्या. त्या खड्ड्यासकट ते बिस्किट नंतर मी खाल्लं. छान होतं.

मग भांडी. एक पातेलं, दोन वाट्या, फेटणी, चाळणी, चमचे, ट्रे. आत्यांनी मोजली. मोजतातच त्या. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक भांड्याला पाण्याचा भाव लागलेला आहे आणि तो काही उतरलेला नाही. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मीही ट्रे आधी कागदानं पुसूनच घेते.

पण काहीबाही?

उदगीरला दिवाळीआधी आई आम्हाला भट्टीवर धाडायची. रवा, मैदा, पिठीसाखर, तूप, सगळं घरचं. वर पत्र्याचा रिकामा डबा, त्यावर खडूनं आडनाव. भट्टीवाल्याची मजुरी किलोवर. आम्ही दोघी पायरीवर बसून राहायचो, आणि काम एकच: आपलं तूप आपल्याच परातीत पडतंय ना ते बघायचं. बहिणीला झोप लागायची, मी डोळे ताणून बघायचे. रात्री गरम डबा पोत्यात गुंडाळून घरी. कुणी विचारलं की आई सांगायची, "नानकटाई करून आणली." करून आणली! बसून तूप राखलं आम्ही, भाजली त्यानं. तरी त्याला कुणी काहीबाही म्हटलं नाही. नाव होतं त्याला.

म्हणजे नाव नसतं त्याचं काहीबाही होतं का? मी तरी आत्यांना कुठं सांगितलं काय करतेय ते? कुकीज म्हटलं की त्या "कुकर?" म्हणतात, म्हणून सांगायचंच सोडलं. आणि पोरासाठी करतेय हेही नाही सांगितलं. सांगितलं असतं तर लगेच मान मिळाला असता, नातवाचं खाणं. पण नुसतं त्याच्यासाठी करते असं तरी कुठं आहे? अख्खा महाराष्ट्र पोरं शिकायला लातूरला पाठवतो आणि आमचं पोरगं पुण्याला. मागच्या डब्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "रूममेट्सनी संपवला." बरं वाटलं. त्यानं खाल्ली का, ते मी विचारलं नाही.

हे सगळं ताईला सांगावं म्हणून फोन हातात घेतला, आणि नंबर लावायच्या आधी आठवलं. गेल्या आठवड्यात ताईनंच विचारलं होतं, आत्या काय करलाल्यात? मी म्हणाले होते, "बसल्यात वाकळ शिवत. वेळ जात नाही ना त्यांचा."

वेळ जात नाही ना. काहीबाहीपेक्षा हे वाईट आहे. काहीबाहीत निदान काहीतरी चाललेलं असतं.

ती वाकळ मी आज नीट पाहिली, त्या जेवायला बसल्या तेव्हा. जुन्या लुगड्याची खालची बाजू, मध्ये ह्यांचे शाळेतले सदरे, टाके सगळे एका लांबीचे, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी. कोपऱ्यात एक निळा तुकडा माझ्या कॉलेजातल्या ड्रेसचा. तो मी बोहारणीला द्यायला काढला होता. त्यांनी कधी उचलला कळलंच नाही.

तरी राग पूर्ण गेलेला नाही, खोटं कशाला लिहू. त्यांना वाकळीचं कुणी काही बोललं तर त्या अंगावर येतात, मी येत नाही, एवढाच फरक असेल.

बावीस झाली होती. एक खड्ड्याचं मी खाल्लं, दोन ह्यांनी घोड्याचा खुराक म्हणत म्हणत खाल्ली, दोन आत्यांना बशीत दिली. एक त्यांनी चहात बुडवलं आणि ते तळाला गेलं. चमच्यानं काढून खाल्लं. दुसरं पदराला बांधून ठेवलंय. सतरा डब्यात, उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातील.

अर्धं पीठ अजून फ्रीजमध्ये आहे. सकाळी लाईट असली तर भाजीन. ह्यांनी पुन्हा पोळ्यांना काढून देऊ नये म्हणून डब्याला पांढरी चिकटपट्टी लावली, पेन घेतलं, कुकीज लिहायला गेले आणि थांबले. मग मोठ्या अक्षरात लिहिलं: काहीबाही.