कडा मऊ, मध्य कडक

एम.टेक.च्या प्रकल्पात माझ्या वाट्याला दोन धातू आले: शुद्ध तांबं आणि ९९.९९ टक्के शुद्ध ॲल्युमिनिअम. १० मिमी व्यासाची, ०.८ मिमी जाडीची चकती दोन ऐरणींमध्ये ६ गिगापास्कल दाबाखाली धरायची आणि एक ऐरण फिरवून ती पिळायची. एका फेऱ्यात कडेला शिअर स्ट्रेन (पिळामुळे धातू किती विकृत झाला त्याचं माप) ३९च्या आसपास जातो, केंद्रबिंदूवर हिशेबाने शून्य. म्हणजे कडा कडक, मध्य मऊ. तांब्याने अगदी तसंच केलं.

ॲल्युमिनिअमने उलटं. मध्याजवळ विकर्स (हिऱ्याचं टोक दाबून, उमटलेल्या ठशावरून मोजलेला कडकपणा) ३८, कडेला ३२!

दोष अर्थातच माझ्या पॉलिशिंगला दिला. इतकं शुद्ध ॲल्युमिनिअम घासणं हा छळ असतो. कागदावरचे कण त्यातच रुतून बसतात. तीनदा घासलं, मग इलेक्ट्रोपॉलिश करून वरचा दुखावलेला थर काढला. यंत्र प्रमाणित ठोकळ्यावर तपासलं. आकडे हलेनात. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणावं, तर तांब्याचा रंग काय लपणार?

शेवटी गाइडसरांनी आलेख बघून एवढंच विचारलं, "आडव्या अक्षावर त्रिज्या का घेतलीस? स्ट्रेन घे." घेतला, आणि वेगवेगळ्या फेऱ्यांचे सगळे बिंदू एकाच वक्रावर आले. चढण, साधारण ४ स्ट्रेनला शिखर, मग उतार आणि सपाटी. कडा शिखर ओलांडून गेली होती, मध्याजवळचा भाग अजून शिखरावरच होता.

धातू पिळला की डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष, वाढतात, एकमेकांत अडकतात. त्यालाच आपण कडक होणं म्हणतो. पण ॲल्युमिनिअमची स्टॅकिंग फॉल्ट एनर्जी (अणूंच्या थरांचा क्रम चुकायला लागणारी ऊर्जा) जास्त, त्यामुळे डिसलोकेशन सहज प्रतल बदलतात, विरुद्ध जातीचं भेटलं की दोन्ही नाहीशी होतात. त्यात खोलीचं तापमान केल्व्हिनमध्ये त्याच्या वितळणबिंदूच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. गर्दी ओसरायला एवढी ऊब पुरते. (शिशाच्या बाबतीत तर हे प्रमाण निम्मं आहे. शिशाची तार कितीही वाकवा, तांब्याच्या तारेसारखी ताठरत नाही.) मिश्रधातूत परके अणू डिसलोकेशनना अडवून धरतात, माझ्या नमुन्यात अडवायला जवळपास कोणी नव्हतंच.

पाच फेऱ्यांची चकती तपासली तेव्हा सगळीकडे ३२. हिशेबाने शिखर आता मध्यापासून ०.१ मिमीवर सरकलं होतं. ५० ग्रॅम भाराच्या ठशाचा कर्णच ०.०५ मिमी, ते नेमकं गाठायचं कसं?